शंभरात किती?

आमच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी लकी ड्रॉ असतो. पहिलं बक्षीस मिक्सर, दुसरं कुकर, तिसरं भिंतीवरचं घड्याळ, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं. मागच्या जानेवारीत मात्र खरेदीला गेलेल्या माणसाच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, तिसरं बक्षीस म्हणून त्यानं गिटार आणली. स्वस्तातली, लाल-काळ्या रंगाची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. आणि ती लागली कुणाला, तर गिरिजाबाईला.

गिरिजाबाई म्हणजे आमच्या बियाणे तपासणीच्या लॅबमध्ये बी मोजणारी बाई. वय बावन्न. त्या दिवशी ती मिक्सरवर डोळा ठेवून बसली होती. नाव पुकारल्यावर स्टेजवर गेली, ते धूड दोन्ही हातांनी कवळून उभी राहिली आणि अख्खा हॉल हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू? आमचे लॅबचे प्रमुख राधेश्याम सर माइकवरून म्हणाले, "गिरिजाबाई, पुढच्या वर्षी वाजवून दाखवायचं हं!" लोक पुन्हा हसले. गिरिजाबाई हसली नाही. तिनं मान डोलावली.

सर पाच मिनिटांत विसरले. ती विसरली नाही. तिला कुणी काही सांगितलं की ती त्याला काम समजते, आणि काम म्हटलं की ते झालंच पाहिजे. गंमत म्हणून काही बोललं जातं, हे तिला कुणी कधी शिकवलंच नसावं.

मी फरहाना. त्याच लॅबमध्ये ॲनालिस्ट आहे आणि जालन्याच्या मस्तगडात तिची शेजारीण. आमच्या घराची मागची भिंत आणि तिच्या खोलीची भिंत एकच. दिवसभर ती माझ्यासमोर, संध्याकाळी भिंतीपलीकडे. तिच्याबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं दुसऱ्या कुणाला नसेल. त्यातलं निम्मं मी लक्ष देऊन ऐकलं नाही, हेही इथंच कबूल करते.

मी डिग्री घेऊन लॅबमध्ये आले तेव्हा तिला तिथं एकोणीस वर्षं झाली होती. कागदावर मी तिची वरिष्ठ, पण काम तिनं शिकवलं. ओल्या जाड कागदावर शंभर बिया ओळीनं मांडायच्या, कागद गुंडाळायचा, ठरलेल्या उबेच्या कपाटात उभा ठेवायचा. सात दिवसांनी उलगडून मोजायचं, शंभरात किती उगवल्या. ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं की तो लॉट नापास. पहिल्याच दिवशी तिनं मला एक नियम सांगितला.

"एक ध्यानात ठिव, फरहाना. शून्य आलं तर खरं मानायचं न्हाई. शंभर आलं तरीबी मानायचं न्हाई. बियाणं कितीबी वाईट असू दे, पाच-दहा तरी डोकं काढतेच. आन् कितीबी चांगलं असू दे, दोन-चार दगा देतेच. शून्य न् शंभर माणसाच्या चुकीनं येते. मंग चूक हुडकायची."

हा नियम तिनं हजारो लॉटना लावला. स्वतःला एकदाही लावला नाही.

तिचं लग्न अठराव्या वर्षी जाफराबादकडच्या एका घरात झालं. पाच वर्षं मूल झालं नाही, म्हणून नवऱ्यानं तिला पिंपळगाव रेणुकाईला माहेरी आणून सोडलं. ना डॉक्टर, ना तपासणी. भाऊ अण्णासाहेब चांगला माणूस, पण भावजयीच्या घरात किती दिवस राहणार, म्हणून ती जालन्याला आली आणि बी मोजायला लागली. हे सगळं तिनं मला एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, डब्यातली मेथीची भाजी मला वाढता वाढता. "त्याचा काय दोष? माझ्यातच कमी होती," असं म्हणाली. बसची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाली. मला राग आला. त्या माणसाचा आला आणि तिचाही आला. पण सुट्टी संपली, आम्ही हात धुतले आणि कामाला लागलो.

तर गिटार. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला एका दुकानावर गिटारचा क्लास आहे. एका रविवारी ती तिथं जाऊन आली. तिथल्या सरांनी विचारलं, "मुलाला शिकवायचंय का?" ती म्हणाली, "न्हाई, मलाच." त्यांनी महिन्याची फी सांगितली. तिनं तिथं दिलेलं पाणी पिऊन घेतलं आणि परत आली. मग मीच तिला मोबाईलवर फुकटचे व्हिडिओ लावून दिले. एक हिंदी बोलणारा, सारखा हसणारा मुलगा होता, तो तिला आवडला. बाकी सगळं तिनं घरातच जमवलं. तार छेडायला लागतं ते त्रिकोणी पान तिनं बियाण्याच्या पिशवीला लावतात त्या प्लास्टिकच्या लेबलमधून कापलं. गळ्यात अडकवायचा पट्टा जुन्या लुगड्याच्या काठाचा. खुर्ची नव्हती, म्हणून पालथी बादली. मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवलेला.

पहिल्या व्हिडिओत तो मुलगा म्हणाला, नवी गिटार सुरात नसते, आधी सुरात लावून घ्या. गिरिजाबाईनं विचार केला, सूर कुणाला कळतो? तिच्या ओळखीत सूर कळणारा माणूस एकच होता, बद्रीनाथ. पिंपळगावच्या भजनी मंडळात तो पेटी वाजवतो. पाडव्याला ती गावी निघाली तेव्हा गिटार मांडीवर घेऊन एसटीत बसली. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, बाकीचा ऑर्केस्ट्रा मागून येऊन राह्यला का?" तिनं त्यालाही सरळ उत्तर दिलं, "न्हाई, मी एकटीच हाय."

बद्रीनाथनं जन्मात गिटारला हात लावला नव्हता. पण मला येत नाही, असं म्हणणाऱ्यातला तो नाही. "तार म्हंजी तार," तो म्हणाला. "तिला काय कळते, ती गिटारीची हाय का वीण्याची?" त्यानं पेटीचा भाता दाबला आणि वीणा लावावा तशा सहाही तारा सा आणि प या दोनच सुरांत लावून दिल्या. मंडळातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. कारण ती खरंच छान घुमत होती. गिरिजाबाई खूश होऊन जालन्याला आली. त्यानंतर व्हिडिओत तो मुलगा सूर लावण्याचं बोलायला लागला की ती तेवढा भाग पुढे ढकलायची. आपलं ते झालेलंच आहे, मग परत ऐकून काय करायचं?

गिटारच्या सहा तारा सहा ठरलेल्या जागी लावलेल्या असतात. त्या तशा असतील तरच व्हिडिओतल्यासारखी बोटं ठेवून व्हिडिओतल्यासारखा आवाज येतो. हे आज मला माहीत आहे. तेव्हा मला नव्हतं, तिला नव्हतं, आणि बद्रीनाथला तर अजून नाही.

रोज संध्याकाळी सातला, भाकरी झाल्या की, ती बादलीवर बसायची. तो मुलगा म्हणायचा, सगळ्यात सोपा कॉर्ड ई मायनर. दोनच बोटं ठेवायची आणि सगळ्या तारा एकदम छेडायच्या, कुणालाही जमतो. ती दोन बोटं ठेवायची आणि शंभर वेळा छेडायची. प्रत्येक वेळी कान देऊन ऐकायची, व्हिडिओतल्यासारखं वाजलं का. मग लॅबच्या जुन्या वहीत तारीख टाकून लिहायची, शंभरात किती. पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. महिन्यानं बोटांच्या टोकांना घट्टे पडले, बी उचलताना बोटांना बी जाणवेना, तरी शून्य.

"म्या बोट न्हाई लावलं तर ती लई गोड वाजते, बघ," ती मला एकदा लॅबमध्ये म्हणाली. "बोट लावलं की बिघडते."

मी म्हटलं, "होईल हळूहळू, मावशी." असलं बोलायला काही लागत नाही.

भिंतीच्या अलीकडे आम्ही ते सगळं ऐकत होतो. ऐकत होतो म्हणजे सहन करत होतो. एकच बेसूर आवाज, शंभर वेळा, रोज. माझी अम्मी मनानं चांगली आहे. ती म्हणायची, "बेचारी. बजाने दो." आणि रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवायची. मी कधी कधी स्वतःच वाढवायचे. पावसाळ्यात एकदा गिरिजाबाईनं मला जिन्यात थांबवून विचारलं, "तुला ऐकू येत असंन ना गं? कसं वाजते?"

"छान," मी म्हणाले.

त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते. दिवसभर मी दुसऱ्यांच्या बियाण्यावर खरे शेरे मारते, त्याचा पगार घेते. आणि तिनं विचारलं तेव्हा जिना उतरायची घाई होती म्हणून खोटं बोलले. तिच्या घरात दुसरं एक माणूस असतं, नवरा, मूल, सासू, कुणीही, तर पहिल्याच आठवड्यात ते ओरडलं असतं की हे काहीतरी चुकतंय, कुणाला तरी दाखव. भांडण झालं असतं, पण चूक सापडली असती. एकट्या माणसाशी भांडायलाही कुणी नसतं. तो आपला चुकीचं वाजवत राहतो आणि बोटांना दोष देतो.

दसऱ्यापर्यंत तिनं तसं केलं. मग एक दिवस भिंतीपलीकडून आवाज आला नाही. अम्मीनं सवयीनं रिमोट उचलला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई लॅबमध्ये म्हणाली, "बांधून ठिवली बाई साडीत. माझी बोटंच नापास हायेत. काही काही हातात देव घालतच न्हाई." त्याच दुपारी ती राधेश्याम सरांच्या केबिनमध्ये गेली. मी फायली घेऊन तिथंच उभी होते.

"साहेब, ते जानेवारीचं. मला न्हाई जमणार."

"कशाचं?" सर म्हणाले.

"गिटारीचं."

सरांना खरंच आठवेना. "बरं, बरं," म्हणून त्यांनी पुढची फाईल मागितली. ती आठ-नऊ महिने ज्या परीक्षेची तयारी करत होती, ती परीक्षा कुणी ठेवलेलीच नव्हती. तिचा चेहरा मला बघवला नाही, म्हणून मी फायलींकडे बघत राहिले.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मक्याचा एक लॉट तपासायला आला. सात दिवसांनी तिनं कागदाच्या गुंडाळ्या उलगडल्या. चार गुंडाळ्या, चारशे दाणे, एकही उगवला नव्हता. एखादं मूळ फुटलं तर तेही टोकाला तपकिरी होऊन थांबलेलं. राधेश्याम सर डोकावून म्हणाले, "मेलेलं बियाणं. लिहून टाका नापास."

"न्हाई साहेब," गिरिजाबाई म्हणाली. "शून्य कवाच येत न्हाई. बियाणं न्हाई मेलं. कागद खराब हाय. ह्यो नव्या गठ्ठ्यातला हाय." सर वैतागले, पण तिच्यापुढं या बाबतीत कुणाचं चालत नाही. तिनं तेच दाणे जुन्या गठ्ठ्याच्या कागदावर लावले आणि शिवाय वाळूच्या ट्रेमध्येही लावले. आठवड्यानं मोजलं. शंभरात एक्याण्णव.

सर "बरं झालं" म्हणून चहाला गेले. ती मात्र ती हिरवे कोंब आलेली गुंडाळी हातात धरून बेसिनपाशी कितीतरी वेळ उभी होती. कागदातून पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं.

"फरहाना," ती म्हणाली, "एकशे ऐंशी दिवस शून्य येऊ शकते का गं?"

मला वाटलं, कुठल्या तरी दुसऱ्या लॉटबद्दल विचारते आहे. मी म्हटलं, "नाही मावशी. तुम्हीच तर शिकवलंय."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊलाच तिनं आमचं दार वाजवलं. काखेत साडीत बांधलेली गिटार. "तुझ्या मोबाईलमधी तारा तपासायचं काही असते का? तो पोरगा म्हणायचा बघ, मी पुढं ढकलून द्यायची ते." मी ॲप उतरवून घेतलं आणि तिच्या खोलीत गेले. इतकी वर्षं शेजारी राहून त्या खोलीत मी क्वचितच बसले होते. एक खाट, एक गॅस, एक ताट. पालथी बादली तशीच भिंतीला टेकून होती, आमच्या भिंतीला.

ॲपमध्ये एक सुई असते. तार बरोबर असली की हिरव्यात येते, नाहीतर लाल. एक सोडली तर एकही तार तिच्या जागेवर नव्हती. काही कितीतरी खाली, एक थोडी वर. मी वाचत गेले आणि ती खुंट्या पिळत गेली. सगळ्यात बारीक तार वर चढवताना तुटली आणि तिच्या मनगटावर ओरखडा उमटला. "राहू दे," ती म्हणाली. "पाच तर पाच."

मग ती बादलीवर बसली, दोन बोटं ठेवली आणि लेबलच्या तुकड्यानं छेडलं.

तो आवाज मी कसा सांगू? मोठा नव्हता. गिटार स्वस्तातली, तार एक कमी. पण तो अगदी व्हिडिओतल्यासारखा होता. ती दचकली. पुन्हा छेडलं, पुन्हा तसाच. बोटं कुठंही हलवावी लागली नाहीत. ती पहिल्या दिवसापासून बरोबरच जागी पडत होती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, मी खोटं बोलले होते. छान नव्हतं वाजत. आम्ही सगळे ऐकायचो आणि टीव्ही मोठा करायचो."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "टीव्ही मोठा झाला की बरं वाटायचं. म्हणायची, चला, कुणाला तरी ऐकू येऊन राह्यलं."

तिनं डाळीच्या डब्यामागून वही काढली आणि पानं उलटायला लागली. तारीख, शून्य. तारीख, शून्य. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत, लॅबमधल्यासारख्या सुबक अक्षरात. उलटता उलटता ती थांबली. बोट एका शून्यावर तसंच ठेवून ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"त्यानं दुसरी केली, माहीत हाय ना तुला. मला सोडलं त्याच वर्सी केली. तिलाबी काही झालं न्हाई. अण्णासाहेबानं कवाच सांगितलं होतं मला, लई वर्सं झाली. म्या आपलं ऐकून घेतलं. म्हणलं, तिच्यातबी कमी असंन." तिनं वही मिटली. "बियाणं दोन, कागद एकच. न् दोन्हीकडं शून्य. चारशे लॉट तपासते मी वर्साला, फरहाना. हे मला दिसू नये?"

"मावशी, म्हणजे तुमच्यात काही नव्हतंच," मी घाईघाईनं म्हणाले. कुणीतरी हे तीस वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं.

"असंन. चांगलाबी असंन लॉट," ती म्हणाली. "पर फेरतपासणी कुणी लावलीच न्हाई. आन् आता लावून काय? पिशवीवर मुदत छापलेली असते. माझी गेली ती."

ती रडली नाही. मी रडले, ओढणीनं तोंड दाबून. तिनं माझ्याकडे जरा वैतागूनच पाहिलं, लॅबमध्ये मी बी सांडल्यावर पाहायची तसं. मग वही उघडून नव्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली आणि पेन माझ्या हातात दिला.

"बस आता. मी वाजवते, तू मोज. खरं खरं मोज."

ती वाजवत गेली. भिंतीपलीकडे अम्मीचा टीव्ही चालू होता, तो मधेच बंद झाला. मी मोजत होते, पण डोळ्यांतलं पाणी थांबेना आणि कुठेतरी चाळिशीत माझी मोजणी सुटली. तिचे शंभर झाले. हात खाली घेऊन तिनं विचारलं, "किती?"

"शंभर," मी म्हणाले. "शंभरच्या शंभर, मावशी."

"शंभर कवाच येत न्हाई," गिरिजाबाई म्हणाली. "परत मोज." आणि तिनं बोटं ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली.